सिगारेट सुटली, मग पाचव्या महिन्यात काय झालं? : एक प्रकरण अभ्यास

धूम्रपान सोडण्याबद्दल जे सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांबद्दल असतं. ते दोन आठवडे अवघडच असतात. पण चार-पाच महिने एकही सिगारेट न ओढलेला माणूस एखाद्या संध्याकाळी पुन्हा पेटवतो, तेव्हा त्याच्या रक्तात निकोटिनचा मागमूसही नसतो. मग तो कशामुळे मागे जातो आणि त्याला धरून ठेवायला काय लागतं, हे दाखवण्यासाठी हे प्रकरण मांडलं आहे. ते कुणा एका व्यक्तीचं नाही. सोडू पाहणाऱ्यांच्या बाबतीत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका माणसाच्या वाट्याला देऊन ते बांधलं आहे. औषधांच्या मात्रा, कालावधी आणि वैद्यकीय माहिती मात्र खरी आहे.

माणूस आणि आधीचे तीन प्रयत्न

वय ४३, कार्यालयातलं बैठं काम. एकोणिसाव्या वर्षी सुरुवात केली, म्हणजे २४ वर्षं झाली. दिवसाला १८ ते २० सिगारेट. सकाळी जाग आल्यावर दहा मिनिटांच्या आत पहिली.

व्यसनाची पकड मोजायला फागरस्ट्रॉम चाचणी वापरली जाते. सहा प्रश्न, ० ते १० गुण. यांचे गुण झाले ६: पहिली सिगारेट ६ ते ३० मिनिटांत, २ गुण. दिवसाला ११ ते २०, १ गुण. सकाळची पहिली सोडणं सगळ्यात जड, १ गुण. दुपारपेक्षा सकाळी जास्त ओढतो, १ गुण. ताप आला तरी ओढतो, १ गुण. बंदी असलेल्या जागी मात्र निभावतं, तिथे शून्य. सहा गुण म्हणजे पकड घट्ट आहे. सहापैकी एकच प्रश्न विचारायचा झाला, तर पहिल्या सिगारेटची वेळ विचारावी. निकोटिन रक्तात दर दोन तासांनी साधारण निम्मं होतं. आठ तासांच्या झोपेनंतर ते जवळपास सोळाव्या हिश्शावर आलेलं असतं, म्हणजे माणूस उठतो तोच रिकाम्या टाकीने. अशा वेळी तो किती थांबू शकतो यावरून बरंच कळतं.

पहिला प्रयत्न निव्वळ जिद्दीवर होता, पाच दिवस टिकला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कुठलीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या आठ-दहा दिवसांतच परततात, आणि सहा महिने ते वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच असतात.

दुसऱ्या वेळी हळूहळू कमी करायचं ठरवलं. वीसवरून सहावर आले आणि तिथेच अडकले. आकडा खाली आला तसा प्रत्येक सिगारेटचा झुरका लांब आणि खोल होत गेला, थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत ओढलं जाऊ लागलं. शरीर आपला निकोटिनचा कोटा कमी सिगारेटमधूनही वसूल करतं. शिवाय हृदयाच्या बाबतीत कमी ओढणं फारसं कामाचं नाही: दिवसाला फक्त एक सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याचा साधारण निम्मा हिस्सा उरतोच. २०१६ साली इंग्लंडमधल्या ६९७ जणांवर झालेल्या एका अभ्यासात ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी टिकून होते, तर आधी दोन आठवडे कमी करत आणून सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के.

तिसरा प्रयत्न वडिलांना हृदयविकाराचा झटका आल्यानंतरचा. पॅच लावले, तिसऱ्या आठवड्यात बरं वाटतंय म्हणून स्वतःच बंद केले. तरी चार महिने टिकले. या चार महिन्यांत वडील बरे झाले, चालायला-फिरायला लागले, आणि अतिदक्षता विभागाबाहेर काढलेल्या त्या रात्रीची धग कमी झाली. एका समारंभात एक सिगारेट घेतली. नवव्या दिवशी खिशात पूर्ण पाकीट होतं.

या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. ज्या भीतीने सिगारेट सोडवली, ती चार महिन्यांत विरली. भीती विरतेच, ती कायम राहिली तर माणूस जगू शकणार नाही. अडचण अशी की तिच्या जागी दुसरं काही ठेवलेलं नव्हतं. सोडायला लागणारं बळ आणि सुटल्यावर टिकायला लागणारं बळ एकाच ठिकाणाहून येत नाही. चौथ्या प्रयत्नाची आखणी ही गोष्ट धरून केली.

तयारीचे दहा दिवस

सोडायची तारीख दहा दिवस पुढची ठरवली. आठवड्याच्या मधला साधा कामाचा दिवस निवडला, जवळपास समारंभ नाही, कामाची मुदत नाही. तोवर सिगारेट कमी करायची नाही, फक्त नोंद करायची. पाकिटावर रबराने बांधलेला कागद, त्यावर चार रकाने: वेळ, जागा, सोबत कोण, तल्लफ किती (० ते १०). नोंद पेटवण्याआधी करायची, ओढून झाल्यावर नाही. ओढून झाल्यावर प्रत्येक सिगारेट गरजेचीच वाटते.

दहा दिवसांची सरासरी निघाली १९. त्यातल्या सहा-सातच सिगारेटच्या वेळी तल्लफ ७ किंवा त्याहून जास्त होती, आणि त्या बहुतेक सकाळी अकराच्या आतल्या. उरलेल्या बारा-तेरा सिगारेट दोन कामांच्या सांध्यावर बसलेल्या होत्या: फोन ठेवला की, गाडीत बसलं की, कॉफीचा कप हातात आला की, कुणाची वाट पाहताना. तिथे तल्लफ २ किंवा ३. एका ओळीत तर वेळ आणि जागा लिहून तल्लफेच्या रकान्यात ० लिहिलं होतं, आणि तरी ती ओढली गेली होती.

या कागदावरून दोन वेगळी कामं ठरली. सकाळच्या सिगारेटला औषध लागणार होतं. सांध्यावरच्यांना औषधाचा उपयोग कमी, तिथे हाताला आणि पायाला दुसरं काम द्यावं लागणार होतं. फोन उभ्याने घ्यायचा आणि ठेवल्यावर एक घोट पाणी प्यायचं. गाडीतला ॲश-ट्रे काढून त्या जागी सुटे पैसे ठेवायचे. कॉफी बाल्कनीत न पिता आत टेबलाशी घ्यायची. हे क्षुल्लक वाटतं, पण त्या क्षणी काय करायचं ते आधी ठरलेलं असणं हीच त्यातली ताकद असते. तल्लफ आल्यावर विचार करायला बसलं की विचार तल्लफेच्या बाजूने वळतो.

आदल्या रात्री घर, गाडी, कार्यालयातला खण साफ केला. लायटर, थोटकं, ॲश-ट्रे, सगळं गेलं. उरलेल्या सिगारेट कचऱ्यात टाकण्याआधी नळाखाली धरून भिजवल्या. ही बारीक गोष्ट महत्त्वाची आहे, कारण कोरडी सिगारेट रात्री दोन वाजता कचऱ्याच्या डब्यातून परत काढली जाते. एवढं करूनही लॅपटॉपच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एक चेपलेलं पाकीट राहिलंच. अकराव्या दिवशी चार्जर शोधताना ते हाताला लागलं, आत तीन सिगारेट. ते बराच वेळ पाकीट हातात धरून उभे होते, मग तसेच बेसिनपाशी गेले. कागद विरघळून तंबाखू जाळीवर साचला तेव्हा त्यांनी नळ बंद केला.

औषध आणि त्यातल्या चुका

डॉक्टरांशी बोलून दुहेरी उपाय ठरला: पॅच आणि च्युइंगम. पॅचमधून दिवसभर निकोटिनचा सपाट, संथ पुरवठा होतो आणि अचानक उसळणारी तल्लफ गम सांभाळतो. दोन्ही मिळून वापरल्यास एकट्यापेक्षा यश जास्त मिळतं. दिवसाला १० पेक्षा जास्त ओढणाऱ्यांसाठी पॅचचा नेहमीचा क्रम असा: २१ मिलिग्रॅमचा सहा आठवडे, मग १४ चा दोन आठवडे, मग ७ चा दोन आठवडे. पॅच रोज सकाळी केस नसलेल्या, कोरड्या त्वचेवर लावायचा आणि जागा रोज बदलायची. जागा बदलली नाही की चौकोनी लाल डाग उठतो आणि खाज सुटते. गम ४ मिलिग्रॅमचा घेतला, कारण जाग आल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागणाऱ्यांना २ मिलिग्रॅम पुरत नाही.

पहिल्याच दिवशी तक्रार आली: उचक्या लागतात, पोटात जळजळ होते आणि गमचा काही उपयोग होत नाही. कारण त्यांनी तो साध्या च्युइंगमसारखा सलग चघळला होता, तोही कॉफीच्या घोटांबरोबर. या गममधलं निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून शोषलं जायला हवं. लाळेबरोबर गिळलं तर ते पोटात जातं, तिथे त्रास देतं आणि फारसं कामी येत नाही. रीत अशी: सावकाश काही वेळा चावायचा, तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावायचा, आता दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं अर्धा तास. आधीची १५ मिनिटं आणि तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, शीतपेयं नकोत, कारण आम्लामुळे शोषण थांबतं. दुसऱ्या दिवशी रीत सुधारली आणि उचक्या थांबल्या.

दुसरी अडचण रात्रीची होती. पॅच लावून झोपल्यावर इतकी ठळक, चित्रविचित्र स्वप्नं पडू लागली की झोपमोड होई. पॅच झोपताना काढायला सांगितला. पण मग सकाळी रिकामी टाकी, आणि नवा पॅच चढायला काही तास लागतात. म्हणून उठल्या-उठल्या आधी गम, तोंडात असतानाच नवा पॅच, आणि अर्ध्या तासाने कॉफी, असा क्रम ठरला.

व्हॅरेनिक्लिन या गोळीचाही पर्याय होता. ती मेंदूतल्या निकोटिनच्याच ग्राहकांवर (निकोटिन जिथे चिकटतं त्या जागांवर) बसून त्यांना अर्धवट चेतवते, त्यामुळे तल्लफ कमी होते आणि सिगारेट ओढली तरी पूर्वीची मजा येत नाही. सोडण्याच्या आठवडाभर आधी सुरू करून (तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चार दिवस दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा) १२ आठवडे घेतात. पोटभर खाऊन, भरपूर पाण्याबरोबर घेतली नाही तर मळमळ होते. यांनी मागच्या प्रयत्नात पॅच वापरले होते, म्हणून ओळखीचं साधन निवडलं. निवड डॉक्टरांनीच करावी, विशेषतः गरोदरपणात, नुकताच हृदयविकार झाला असल्यास किंवा झटक्यांचा (आकडी किंवा फिट येण्याचा) आजार असल्यास.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन वेगाने निकालात काढतं. धूर थांबला की हा वेग उतरतो आणि तेवढ्याच कॉफीत रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकतं. हात थरथरणं, धडधड, झोप न लागणं हे सगळं मग सिगारेट सोडल्याच्या खात्यावर मांडलं जातं. दिवसाला पाच कप होते, ते पहिल्या दिवसापासून निम्म्यावर आणले. ओलान्झापिन, क्लोझापिन (मानसिक आजारांवरची) किंवा थिओफायलिन (दम्यावरचं) अशी औषधं चालू असणाऱ्यांनी तर सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगायलाच हवी, त्यांची मात्राही याच कारणाने बदलावी लागू शकते.

पहिले दहा आठवडे

तिसऱ्या दिवसापर्यंत चिडचिड शिगेला पोचली, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ओसरू लागली. बद्धकोष्ठता झाली, खोकला काही दिवस वाढला. दोन्ही अपेक्षित. सोडण्याआधी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड २२ पीपीएम (दहा लाख भागांत २२ भाग) होता, दोन दिवसांनी ३. हे यंत्र स्वस्त आणि साधं आहे, फुंकर मारायची आणि आकडा पाहायचा, पण आश्वासनापेक्षा जास्त काम करतं. काही वाटत नसताना काहीतरी बदललं आहे याचा तो पुरावा असतो.

चौथ्या आठवड्यात यांनी विचारलं, आता पॅच बंद करू का, तल्लफ येत नाही. मागच्या वेळची चूक नेमकी हीच होती. तल्लफ येत नव्हती ती पॅचमुळेच. दहा आठवडे पूर्ण केले. गम पहिल्या सहा आठवड्यांत तल्लफेनुसार, दिवसाला आठ-नऊपर्यंत, मग घटवत बाराव्या आठवड्याला एक-दोनवर.

सपाट रस्ता

तिसरा महिना संपला आणि सगळं शांत झालं. खरं प्रकरण इथून सुरू होतं.

पहिल्या महिन्यात रोज कुणीतरी विचारायचं, कसं चाललंय? चौथ्या महिन्यात कुणी विचारत नाही. घरच्यांच्या दृष्टीने विषय संपला. खोकला गेला, त्यामुळे खोकल्याची आठवण गेली. औषध संपलं, त्याबरोबर रोज सकाळी पॅच लावण्यातून होणारी उजळणीही संपली. वजन साडेचार किलोने वाढलं होतं. सोडल्यानंतरच्या वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतंच, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. म्हणजे मिळालेलं सगळं अदृश्य झालं, आणि गमावलेलं पट्ट्याच्या भोकांत रोज दिसत होतं. अशा वेळी मनात वाक्य उमटतं: ‘एवढं करून नेमकं काय मिळालं?’ याला निर्धार कमी पडला म्हणणं चूक आहे. फायदा सवयीचा झाला की तो जाणवत नाही, इतकंच.

पहिल्या दिवशी लिहिलेली कारणांची यादी बाहेर काढली. सात कारणं. वडिलांसारखं होऊ नये, खोकला, कपड्यांचा वास, मुलीचं बोलणं, खर्च, दम लागणं, डॉक्टर ओरडतात. प्रत्येक कारणासमोर लिहायचं होतं: हे आज, या आठवड्यात, जाणवलं का? सातपैकी सहांसमोर ‘नाही’ आलं. यादी खोटी नव्हती, ती सोडण्यासाठी होती आणि तिचं काम झालं होतं.

मग उलटा प्रश्न विचारला. या आठवड्यात असं काय घडलं, जे सिगारेट चालू असती तर घडलं नसतं? पहिलं उत्तर आलं जिन्याचं, तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता. दुसरं उत्तर यायला वेळ लागला. तीन तासांची एक बैठक झाली होती, आणि ती किती वेळ चालेल, मधे बाहेर पडता येईल का, पाकिटात किती उरल्यात, याचा विचारच आला नव्हता. चोवीस वर्षं प्रत्येक प्रवास, प्रत्येक बैठक, प्रत्येक पाहुणचार या हिशोबावर बेतलेला होता. पावसात बाहेर उभं राहायचं, जेवणातून मधेच उठायचं, मुलीच्या कार्यक्रमात दुसऱ्या भागाआधी दाराकडे पाहायचं. तो हिशोब थांबला होता आणि थांबल्याचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्याही.

नोंदींच्या वहीत नवा रकाना पडला: ‘आज कुठला हिशोब करावा लागला नाही?’ रोज नव्हे, आठवड्यातून एकदा, रविवारी, एक ओळ. रोज लिहायला लावलं की ते गृहपाठ होतं आणि तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं. आमच्या मते प्रेरणा टिकवण्याच्या सगळ्या साधनांत हे सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात टिकाऊ आहे. आजार टळल्याचं माणसाला जाणवत नाही, पण हिशोब थांबल्याचं विचारलं की जाणवतं.

दुसरा बदल बोलण्यातला. कुणी सिगारेट पुढे केली की ते म्हणायचे, “नको, सोडलीय.” त्यावर हमखास यायचं, “कधीपासून? अरे, एकाने काय होतंय?” ‘सोडलीय’ या शब्दात ती अजून आपली आहे आणि आपण तिच्यापासून लांब आहोत, असं दोन्ही येतं. समोरच्याला तिथे बोट शिरकवायला फट मिळते. त्याऐवजी “मी ओढत नाही” एवढंच म्हणायचं ठरलं. पुढे स्पष्टीकरण नाही. सुरुवातीला त्यांना ते खोटं वाटलं. सहाव्या-सातव्या वेळेनंतर वाटेनासं झालं.

वजनासाठी पहिल्या तीन महिन्यांत कडक आहार सुरू करू दिला नव्हता, एका वेळी दोन गोष्टींची उपासमार बहुधा दोन्हीकडे हरवते. चौथ्या महिन्यापासून रोज ३० मिनिटं झपाझप चालणं सुरू झालं. त्याचा दुसरा उपयोग असा की दहा मिनिटांच्या चालण्यानेही उसळलेली तल्लफ बसते.

दिवस १४७

सहकाऱ्याचा निरोप समारंभ, संध्याकाळ, दोन पेग. दीड सिगारेट ओढली गेली.

दुसऱ्या दिवशी हा प्रसंग मागे-मागे नेत पाहिला तेव्हा सिगारेट हातात येण्याआधीचे तीन निर्णय सापडले. जुन्या ओढणाऱ्या मंडळींच्या टेबलाशी बसणं. ते उठले तेव्हा ‘नुसती हवा खायला’ त्यांच्याबरोबर बाहेर जाणं. आणि वाऱ्यात एकाची पेटत नव्हती म्हणून त्याचा लायटर आपल्या ओंजळीत धरणं. चौथा निर्णय घ्यावाच लागला नाही. मनाई सिगारेटवर होती, या तीन गोष्टींवर नव्हती, आणि दारू पोटात असताना चौथ्या पायरीवर थांबणं बहुतेकांना जमत नाही. गम खिशात नव्हता, चार महिन्यांनी कशाला लागतोय म्हणून घरी होता.

चक्कर आली, तोंड कडू झालं, मजा अशी आलीच नाही. धोका तिथे नव्हता, तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. ‘गेलं सगळं. आता गेलंच आहे तर हा आठवडा ओढतो, सोमवारपासून नव्याने.’ ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेचं नेमकं वर्णन केलं आहे: नियम मोडल्यावर माणूस ती घसरण प्रसंगाची न मानता स्वतःच्या स्वभावाची मानतो, अपराधी वाटतं, आणि ते वाटणं शमवायला पुन्हा तेच करतो. घसरगुंडी पहिल्या सिगारेटने जितकी होते, त्याहून जास्त या वाक्याने होते.

वहीच्या शेवटच्या पानावर पहिल्याच आठवड्यात ‘घसरलोच तर’ असं शीर्षक देऊन चार ओळी लिहून घेतल्या होत्या. पाकीट विकत घ्यायचं नाही. २४ तासांत ठरलेल्या माणसाला फोन करायचा. तीन दिवस गम पुन्हा जवळ ठेवायचा. ज्या मंडळींत घडलं त्यांना आठवडाभर दुपारच्या सुट्टीत भेटायचं नाही. शांत असताना स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं हे पान होतं, म्हणून ते पाळलं गेलं. घसरल्यावर सुचलेली योजना माणूस स्वतःवरच विश्वास नसल्यामुळे पाळत नाही.

फोन झाला. पत्नीला मात्र दोन दिवस सांगितलं नाही. तिला शर्टाच्या वासावरून कळलंच होतं. तिने विचारलं, “आता माझ्याकडून काय हवंय तुला? विचारत राहू, की गप्प बसू?” त्यांनी सांगितलं, रविवारी वही लिहिताना शेजारी बस. घरच्यांना यापेक्षा चांगलं काही करता येईल असं वाटत नाही. खिसे तपासणं, टोमणे, शपथा यांनी माणूस सिगारेट सोडत नाही, लपवायला शिकतो.

मोबाइलमधल्या दिवस मोजणाऱ्या ॲपने आकडा शून्यावर आणला. हे आम्हाला चुकीचं वाटतं. १४७ पैकी १४६ दिवस धुराशिवाय गेले, ते कुठे गेले नाहीत. वहीत तसंच लिहिलं: १४६/१४७. ॲप काढून टाकलं.

इथे दोन विधानं एकत्र धरावी लागतात आणि ती परस्परविरोधी वाटतात. सिगारेट समोर येण्याआधी नियम एकच: एक झुरकाही नाही, कारण एका झुरक्यानंतर परतण्याची शक्यता खूपच वाढते. घसरून झाल्यावर मात्र नियम दुसरा: एका सिगारेटने सगळं गेलेलं नाही, पुढची टाळायची. पहिला नियम आधीच ढिला केला तर माणूस स्वतःला सूट देतो. दुसरा नंतर नाकारला तर तो सगळंच सोडून देतो. दोन्ही आपापल्या वेळी खरे आहेत, आणि समुपदेशनात दुसरा नियम अपयशाची शक्यता बोलून दाखवायला नको म्हणून बहुधा सांगितलाच जात नाही. तो पहिल्याच आठवड्यात सांगावा.

आठवा महिना आणि नंतर

वडिलांना पुन्हा रुग्णालयात ठेवावं लागलं. तीन आठवडे तल्लफेची एकही नोंद नव्हती, त्या रात्री ९ लिहिली गेली. इतक्या दिवसांनी इतकी तीव्र तल्लफ आली की माणूस घाबरतो, आपलं व्यसन गेलंच नाही असं वाटतं. निकोटिनची गरज गेलेली असते. मेंदूने ती जागा, तो वास, ती चिंता आणि सिगारेट यांची घातलेली गाठ तशीच असते, आणि ती गाठ या प्रसंगात एकदाही सुटलेली नसते. रोजच्या कॉफीची गाठ शेकडो वेळा सिगारेटशिवाय कॉफी पिऊन सुटली. रुग्णालयातल्या रात्रीला तशी संधीच मिळाली नव्हती.

त्यांनी बॅगेतला गम तोंडात ठेवला, जिना तळापर्यंत उतरून पुन्हा चढले, आणि घड्याळ पाहिलं. सहा मिनिटांत तल्लफ ४ वर आली होती. पहाटेपर्यंत ती आणखी दोनदा आली, ७ आणि ५. ताण आला तर सिगारेटने तो हलका होतो, हा ओढणाऱ्याचा अनुभव असतो, पण हलकी होते ती मागच्या सिगारेटनंतर साचलेली अस्वस्थता. सोडून काही आठवडे-महिने झालेल्यांची चिंता आणि खिन्नता ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी होते, वाढत नाही.

वर्ष पूर्ण झालं तेव्हा कार्बन मोनॉक्साइड २ पीपीएम होता. वर्षभरात हृदयरोगाचा वाढीव धोका साधारण निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर यायला दहा वर्षं लागतात. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासून ५० वर्षं ब्रिटिश डॉक्टरांचा मागोवा घेतला, त्यात चाळिशीच्या सुमारास सोडणाऱ्यांना साधारण नऊ वर्षं आयुष्य परत मिळाल्याचं दिसलं. हे आकडे त्यांना पहिल्या दिवशी सांगितले होते तेव्हा त्यांनी मान हलवली होती. आता त्यांनी ते वहीत उतरवून घेतले.

तल्लफ अजून महिन्यातून एक-दोनदा येते, बहुतेक वेळा २ किंवा ३. रविवारची ओळ महिन्यातून एकदाच लिहिली जाते. बॅगेतल्या गमच्या पट्टीची मुदत चौदाव्या महिन्यात संपली. तिच्यातले आठ गम उरले होते. त्यांनी ती टाकून दिली आणि त्याच कप्प्यात नवी ठेवली.